शेजारच्या उसावरचा ड्रोन आणि माझी टोमॅटोची रोपं

शेजारच्या भास्कररावांनी मला फसवलं. त्यांच्या उसावर ड्रोननं मारलेलं तणनाशक माझ्या नर्सरीवर उडालं आणि "बैठकीत मिटवू" म्हणत त्यांनी मला झुलवत ठेवलं. तेवढ्यात माझी टोमॅटोची रोपं मरायला लागली. रोपं मेली की पुरावाही मेला. हे त्यांना कळत होतं, मला उशिरा कळलं.

बेलापूरजवळ माझी नर्सरी आहे. दुसऱ्याच्या नर्सरीत ट्रे भरता भरता मी हे काम शिकले. शेतकरी आगाऊ बुकिंग करून रोपं नेतात. "रूथताईची रोपं बोगस" असं एकदा पसरलं की नर्सरी बंद. म्हणून दोष कुणाचा, हे सिद्ध व्हायलाच हवं होतं.

आधी औषधाचं सांगते. उसातलं रुंद पानांचं तण मारायला टू-फोर-डी फवारतात. ऊस गवताच्या जातीचा, त्याला काही होत नाही. टोमॅटोला मात्र वाऱ्यावर आलेले बारीक तुषारही पुरतात. शेंडा पिळवटतो, पान दोरीसारखं होतं. फवारणीच्या दिवशी वारा जोरात होता आणि ड्रोन चालूच होता.

अखेर बैठक झाली.

"रूथताई, शेजारधर्म हाय का न्हाई?" भास्करराव म्हणाले. "आन् ड्रोन माझा न्हाई. ड्रोनवाल्याला इचारा."

ड्रोनवाला म्हणाला, "शेत मालकाचं, औषध मालकाचं. मी फक्त उडवला."

मी उठले, चपला घातल्या आणि थेट श्रीरामपूरला वकिलांकडे गेले.

"दोघांना आत टाका."

"हा दिवाणी मामला आहे, ताई. इथं भरपाई मागायची."

"पण त्यांचा-माझा करार कुठाय?"

"करार लागत नाही. आपल्या कामानं शेजाऱ्याचं नुकसान होऊ नये, एवढी काळजी घेणं कर्तव्य आहे. ती घेतली नाही आणि त्यामुळेच नुकसान झालं, हे दाखवायचं. याला टॉर्ट म्हणतात. प्रतिवादी दोघांनाही करू, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवून सुटता येणार नाही. आणि एक रोपही फेकू नका."

फीवरून आमची घासाघीस झाली. जिंकले मीच.

दाव्यासोबत कोर्ट कमिशनरसाठी अर्ज दिला. कमिशनर म्हणजे कोर्टानं जागेवर पाठवलेला वकील. तो जे दिसतं ते लिहून कोर्टाला देतो. अर्ज तातडीनं मंजूर झाला. बेलिफ नोटीस घेऊन गेला, तर भास्कररावांच्या दाराला बाहेरून कुलूप आणि आत टीव्ही चालू. त्यानं नोटीस दारावर चिकटवली.

पाहणीला मात्र भास्करराव हजर.

"सायेब, ह्यो व्हायरस हाय. ताईच्या बियाण्यातच खोट."

माझं डोकं सटकलं. पण तोंड उघडण्याआधी मला बांध दिसला. आमच्याकडे उसाच्या बांधावर घरापुरता भोपळा लावतातच. मी कमिशनरसाहेबांना तिकडं नेलं. भोपळ्याच्या वेलाचा शेंडा माझ्या रोपांसारखाच पिळवटलेला.

"भास्करराव, हा वेल कुणाचा?"

"आमचाच."

"बी माझ्याकडनं नेलं होतं?"

"न्हाई, घरचं."

"मग ह्याला व्हायरस कुणी दिला?"

मागून त्यांच्या मंडळी म्हणाल्या, "तवाच म्हनलं हुतं, वारं लई सुटलंय, बंद करा. ह्यांना घाई."

"तू घरी जा," भास्करराव म्हणाले.

कमिशनर ऐकलेलं लिहीत नाहीत. वेल मात्र त्यांनी लिहिला, फोटोही काढले: उसाच्या बाजूचे ट्रे पूर्ण गेलेले, पलीकडचे कमी. व्हायरस असा रांगेनं येत नाही. अहवाल कोर्टात दाखल झाला. त्याची नक्कल मी नर्सरीच्या दारावर लावली आहे. एकही बुकिंग मोडलं नाही.

दावा अजून चालू आहे. प्रत्येक तारखेला दोघंही लेखी म्हणणं द्यायला मुदत मागतात. शेजाऱ्याशी बैठक जरूर करा, पण आधी नुकसान तिऱ्हाइताला दाखवून ठेवा.

आणि भास्करराव, ड्रोनवाले, मुदती पुरे झाल्या. वारा दिसत असताना ड्रोन खाली का उतरवला नाही, याचं उत्तर मला तुमच्यापैकी एकाकडून तरी शपथेवर हवं आहे.