सात नंबरची कात्री

रजनीबाई गेल्याचं मला पूर्वी माझ्याबरोबर कामाला असलेल्या विमलनं फोनवर सांगितलं. इतक्या वर्षांत तिनं मला एकदाही फोन केला नव्हता. माझा नंबर तिच्याकडे आहे हेही मला माहीत नव्हतं. "चंद्राताई, बाई गेल्या. दहा वाजता अमरधामला नेणार आहेत. तुम्हाला सांगायला पाहिजे म्हणून सांगितलं," एवढं बोलून तिनं फोन ठेवला. मी गॅसवरचं दूध उतरवलं, खाली बसले, आणि मनात पहिली गोष्ट आली ती अशी की, सुटले. रडू नंतर आलं, तेही थोडंच. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलं लिहितात. मीही तेच लिहिणार आहे, कारण बाई चांगल्याच होत्या. पण त्यांचं चांगलं लिहायचं तर माझं वाईट लिहिल्याशिवाय ते पुरं होत नाही. म्हणून दोन्ही लिहिते.

नव्वद सालानंतर नाशिकच्या आजूबाजूला द्राक्षं परदेशी पाठवायच्या शेड एकामागून एक उभ्या राहिल्या. आडगावच्या पुढे अशाच एका शेडमध्ये मी कामाला लागले. लांब टेबलं, दोन्ही बाजूंना आम्ही चौदा बायका, प्रत्येकीच्या हातात बारीक टोकाची कात्री. घड देठाला धरायचा, फिरवायचा, तडकलेला, सडका, बारका मणी कात्रीनं काढायचा आणि घड पेटीत ठेवायचा. मण्याला बोट लागू द्यायचं नाही, वरची पांढरी पावडर पुसली तर माल परत. रजनीबाई आमच्या सुपरवायझर. त्या आधी सातपूरला औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. नवरा लवकर गेला होता, एक मुलगी होती. उंच, सावळ्या, आवाज जाडा. ओरडायची गरज त्यांना कधी पडली नाही.

आल्या आल्या त्यांनी दोन गोष्टी लावल्या. एक म्हणजे कात्र्यांना लाल रंगानं नंबर टाकले. संध्याकाळी काम सुटायच्या आधी सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं, कात्री उघडून धरायची, आणि बाई दोन्ही टोकांवर अंगठा फिरवून बघणार, मग रजिस्टरमध्ये त्या नंबरापुढे खूण. टोक तुटलेलं असलं तर त्या टेबलाच्या दिवसभराच्या सगळ्या पेट्या उघडायच्या. दुसरी गोष्ट काचेच्या बांगड्यांची. बांगडी फुटून पेटीत काच जाते म्हणून त्यांनी बांगड्या काढून ठेवायला सांगितल्या. झालं, शेडमध्ये कल्ला. सवाशीण बाई हात रिकामे ठेवील का? मी सगळ्यांत पुढे होते. मी म्हणाले, "तुमचं काय जातंय बाई, तुमचे हात मोकळेच आहेत." बाई म्हणाल्या, "चंद्रभागा, माझा माणूस गेला तेव्हा माझ्या हातात डझनभर बांगड्या होत्या." राग नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी घरून जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून आणल्या आणि एकेकीच्या मनगटावर, बांगड्यांवरून, स्वतः बांधल्या. माझ्याही. बांधताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

त्या दोन गोष्टींच्या वर एक तिसरी होती, ती कुठे लिहिलेली नव्हती. चूक झाली आणि जिची तिनं सांगितली, तर बाई तिला बोलायच्या नाहीत. आम्हाला आधी ते खरं वाटेना. सगळीकडे काम करून आलेल्या बायका आम्ही, सांगेल तो मरेल हे आम्हाला पाठ. ते खरं आहे हे कळलं ते माझ्यामुळेच. एक दिवस माझी पट्टी सैल झाली, टेबलाच्या कडेवर हात आपटला आणि बांगडी फुटली. दोन तुकडे सापडले, तिसरा सापडेना. मी बाईंना सांगितलं. त्यांनी काम थांबवलं आणि आमच्या टेबलाच्या सगळ्या पेट्या मागवल्या. बाहेर गाडी लागलेली होती. मालकांना आम्ही अण्णा म्हणायचो, ते धावत आले. "बाई, काचेच्या एवढ्याशा तुकड्यापायी गाडी थांबवायची? हिला आधी घरी पाठवा." बाई म्हणाल्या, "गाडी तासाभरानं जाईल अण्णा. हिला घरी पाठवलं तर उद्यापासून मला कुणी काही सांगणार नाही. मग तुमच्या पेटीत काय काय जाईल ते मलाही कळणार नाही." तुकडा सापडला, पन्नासाव्या का साठाव्या पेटीत. बाईंनी तो कागदात गुंडाळला आणि म्हणाल्या, "चला, हात चालवा." एवढंच. त्यानंतर शेडमध्ये बायका आपणहून सांगायला लागल्या. माझा घड खाली पडला होता, माझ्याकडून सडका मणी राहिला, माझ्या बोटाला लागलंय आणि रक्त आलंय... कुणाला लाज वाटेना. मी आयुष्यात खूप ठिकाणी काम केलं, घरकाम केलं, बांधकामावर गेले. असं कुठे बघितलं नाही.

मग ती होळी आली. द्राक्षाचा हंगाम भरात, आणि बाईंच्या आईला कळवणला बरं नव्हतं म्हणून बाई सकाळच्या एसटीनं गेल्या. जाताना रजिस्टर माझ्या हातात दिलं. "संध्याकाळी कात्र्या तू बघ. अंगठा फिरवून बघ, नुसतं डोळ्यांनी नको." मी चौथी शिकलेली. माझ्या हातात कुणी रजिस्टर दिलेलं ते पहिल्यांदा. दिवसभर मी ते पदरात धरल्यासारखं धरून होते. संध्याकाळ झाली तशा बायका चुळबुळ करायला लागल्या. घरी पुरण शिजायचं होतं, होळी पेटवायची होती, टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. कुणीतरी म्हणालं, "चंद्राताई, आज राहू द्या ना, बाई कुठे आहेत बघायला." आणखी कुणीतरी म्हणालं, "चंद्राताई आता साहेबीण झाल्या, त्यांना रांग पाहिजे." सगळ्या हसल्या. मलाही घरी जायचं होतं. मी म्हणाले, "ठेवा टेबलावर." बायकांनी कात्र्या ठेवल्या आणि गेल्या. मी एक ते चौदा नंबरांपुढे चौदा खुणा केल्या. अक्षर चांगलं काढलं होतं, ते मला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई कळवणहून परस्पर शेडवर आल्या. आम्ही कामाला लागतच होतो, तेवढ्यात विमल उठून त्यांच्यापुढे गेली. विमल आमच्यात सगळ्यांत लहान, लग्नाला दोन वर्षं झालेली, फारसं न बोलणारी. "बाई, माझ्या कात्रीचं एक टोक नाही. सात नंबर. मी आत्ताच उचलली, अजून एक घडसुद्धा कापलेला नाही." बाईंनी कात्री घेतली, अंगठा फिरवला आणि मला हाक मारली. "काल संध्याकाळी बघितली होतीस?" मी म्हणाले, "हो." "सात नंबर?" "सगळ्या."

मी हे का म्हणाले याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बाई मला काही करणार नव्हत्या. हे त्या शेडमध्ये माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, माझ्यासाठी त्यांनी गाडी थांबवली होती. पण बांगडी फुटली ती फुटली, ते सांगायला सोपं होतं. कात्री मी बघितलीच नव्हती. विश्वासानं दिलेलं काम मी केलं नव्हतं, आणि वर चौदा खुणा केल्या होत्या. चूक कबूल करता येते, कामचुकारपणा कबूल करताना जीभ उचलत नाही. माझी तरी उचलली नाही.

"बाई, माझ्या हातून आज तुटली नाही," विमल म्हणाली. बाकीच्या बारा जणी खाली घडांकडे बघत होत्या. काल कात्र्या कुणी बघितल्या नाहीत हे प्रत्येकीला माहीत होतं. एकही बोलली नाही. बोलली असती तर आम्ही सगळ्याच लवकर गेलो हे निघालं असतं. जमीन झाडली, टेबल हलवलं, टोक सापडलं नाही. अण्णा आले. त्यांनी रजिस्टर बघितलं आणि म्हणाले, "काल सगळ्या बरोबर होत्या. मग आज आल्या आल्या मोडली आणि आता कालच्यावर ढकलतेय. कालच्या पेट्यांचा कंटेनर जाऊ द्या." अण्णा ऑफिसकडे गेले, बाई माझ्याकडे बघत होत्या. "चंद्रभागा, आठवून सांग." मी म्हणाले, "आठवतंय बाई." कंटेनर गेला. अण्णांनी विमलला आठ दिवस घरी बसायला सांगितलं. तिनं मनगटावरची पट्टी सोडली, टेबलावर ठेवली आणि चालत रस्त्याला लागली. आठ दिवसांनी ती आली नाही, नंतरही आली नाही. वस्तीत बोललं जायला लागलं की विमल खोटं बोलली म्हणून तिला काढली. तिच्या सासूनं तिला काय काय ऐकवलं ते माझ्या कानावर येत होतं.

दीड-दोन महिन्यांनी परदेशातून निरोप आला. एका घडात लोखंडाचं टोक निघालं होतं. दिसलं म्हणून बरं, कुणाच्या पोटात गेलं नाही. पेटीवर होळीच्या दिवसाचा शिक्का होता. म्हणजे विमल खरं बोलली होती. अण्णांनी शेड डोक्यावर घेतली. बाईंनी त्यांना सांगितलं, "त्या दिवसाची तपासणी माझी जबाबदारी होती," आणि नोकरी सोडली. जायच्या दिवशी त्यांनी मला हौदापाशी बोलावलं. "मी काल विमलकडे जाऊन माफी मागून आले. मी कात्रीवर अंगठा फिरवला, माणसांवर फिरवला नाही. तुझं तोंड बघून खरं धरलं, तिचं ऐकलं नाही, ही चूक माझी. खुणा कुणी केल्या ते मी अण्णांना सांगितलेलं नाही. ते तू सांगशील." मी मान हलवली. अण्णांना सांगायचं ठरवून मी दोनदा ऑफिसच्या दारापर्यंत गेले... पुढच्या हंगामात त्याच अण्णांनी मला सुपरवायझर केलं. मी झाले. पगार वाढला, तो मी घेतला.

सहा हंगाम मी ते काम केलं. रांग लावली, अंगठा फिरवला, रजिस्टर भरलं, एक दिवस चुकवला नाही. पण माझ्याकडे कधीही कुणी बाई आपणहून आली नाही. माझा घड पडला, माझ्याकडून राहिलं, असं कुणी म्हणालं नाही. का म्हणतील? सांगणाऱ्या विमलचं काय झालं आणि न सांगणाऱ्या चंद्राचं काय झालं, हे सगळ्यांनी बघितलं होतं. एकदा शेडच्या मागे, संडासाच्या भिंतीपाशी, टोक मोडलेली कात्री सापडली. नंबर खरवडून काढला होता. कुणीतरी नव्या कात्रीवर तोच नंबर लाल रंगानं टाकून ती रांगेत आणली असणार. मी ती कात्री पिशवीत घातली, घरी नेली आणि कुणाला विचारलं नाही. त्या दिवशीच्या पेट्या मी उघडल्या नाहीत. कुठल्या दिवशीच्या उघडणार होते? बाईंनी तीन वर्षांत जे उभं केलं होतं, ते मी एका 'हो'मध्ये पाडलं, आणि नंतर त्याच जागेवर खुर्ची टाकून बसले.

बाईंकडे मी संक्रांतीला जायचे, दर वर्षी नाही. त्या चहा करायच्या, गुडघ्यांचं विचारायच्या. हौदापाशी काय बोललो ते त्यांनी पुन्हा काढलं नाही. शेवटचं गेले तेव्हा त्या अंथरुणाला लागल्या होत्या. मी बोलायचं ठरवूनच गेले होते. त्यांची मुलगी आत गेली, आम्ही दोघीच. त्या म्हणाल्या, "काही सांगायचंय का?" मी म्हणाले, "नाही बाई, बघायला आले." त्यांनी डोळे मिटले. झोपल्या की काय, मला कळलं नाही. मी पाचेक मिनिटं बसले आणि उठले.

दहाव्याला गोदावरीवर विमल लांब उभी होती. शेवटच्या वर्षभरात बाईंचं सगळं तीच करत होती, हे मला तिथे कळलं. मी जवळ गेले नाही. त्यानंतर आठवड्यानं मखमलाबादला तिच्या घरी गेले. ती ओट्यावर बसून मेथी निवडत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं की, त्या संध्याकाळी मी कात्र्या बघितल्या नव्हत्या, मी खोटं बोलले, मला माफ कर. तिनं मेथीची जुडी खाली ठेवली नाही. म्हणाली, "ते मला तेव्हापासून ठाऊक आहे. मीच ठेवली ना कात्री टेबलावर, तुम्ही हातसुद्धा लावला नव्हता." मी म्हणाले, "मग मी काय करू?" ती म्हणाली, "चौदा जणींत मला खोटी पाडलीत, ताई. आणि आता खरी करायला माझ्या ओट्यावर एकट्या आलात. बाई होत्या तोवर तरी बोलायचं. त्या रोज तुमची वाट बघायच्या." मग तिनं आतून पाणी आणून दिलं. मी ते प्यायले. तिनं बस म्हटलं नाही, आणि मी बसले नाही.

म्हणून हे पेपरात देते. त्या शेडमधल्या बायका आता पांगल्या, काही येवल्याकडे, काही देवळ्याला सुनांकडे, एक-दोघी वारल्या. पण त्यांच्यातल्या कुणाच्या तरी घरी ही पुरवणी येत असेल, कुणी वाचून दाखवेल. विमलची सासू अजून आहे, तिलाही कुणीतरी वाचून दाखवावं. मी, चंद्रभागा, होळीच्या संध्याकाळी चौदापैकी एकही कात्री बघितली नाही. विमल खरं बोलत होती. बाईंना हे ठाऊक होतं. त्यांना ते फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं.