न घेतलेला जयभीम

हे सांगायचं मी टाळत आलो. विषय निघालाच तर दुसरं काहीतरी काढायचो, नाहीतर चपला घालून फिरायला निघायचो. फिरणं हीच माझी लपायची जागा होती, आणि सांगायचं आहे तेही फिरण्याचंच.

पुतणीच्या घरी काही कार्यक्रम असला, चार पाहुणे जमले, की ती एक गोष्ट हमखास सांगते. ती म्हणते, काका चालताना दम धरायचे, कोणी कितीही हाका मारल्या तरी त्यांचा श्वास मोडत नसे, माझी सोयरीक घेऊन आलेले लोक समोर उभे होते तरी मोडला नाही. पोरं ऐकतात आणि माझ्याकडे आदरानं बघतात. मी ताटाकडे बघतो. ती गोष्ट खरी नाही. पुतणीचा त्यात दोष नाही. तिला ती तिच्या बापानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं सांगितली. दादाला ती खरी वाटत होती, आणि तशी वाटू देणारा मी होतो.

तेव्हाच्या आंध्रात, आमच्या जिल्ह्यात, तालुके मोडून लहान मंडलं झाली, त्याच्या पुढच्या वर्षांतली ही हकीकत. मी आदिलाबादच्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो. शाळा मराठीत झालेली आणि कामकाज सगळं तेलुगूत. जमिनीच्या कागदांतले पहाणी, मिसल, वसुली हे निजामाच्या वेळचे जुने शब्द मला गावापासून ठाऊक होते, पण त्यांच्या मधलं वाक्य तेलुगूत बांधायचं म्हणजे माझ्या छातीत धडधड सुरू व्हायची. नोट लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवली की ती परत येईपर्यंत मला खुर्चीत बसवत नसे. घरी जेवतानाही पाय हलत राहायचा. बायको म्हणायची, तुमच्या पायानं ताट हलून राह्यलं. दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, दिल ठीक है, दिमाग को थोडा चलाओ मत. डोकं न चालवता कारकुनी कशी करायची, ते त्यांनी सांगितलं नाही.

इलाज साडूनं दिला. ते मंचेरियलला कोळशाच्या खाणीच्या कचेरीत होते. छातीच्या आजारातून उठल्यावर नागपूरच्या एका शिबिरात चालत करायचं चिगाँग शिकून आले होते. चीनकडची श्वासाची विद्या, एवढंच त्यांनी मला सांगितलं. मी सासुरवाडीहून परतताना गाडीला उशीर होता, तर त्यांनी मला मंचेरियलच्या फलाटावरच शिकवलं. आधी दोन्ही तळवे बेंबीखाली ठेवून उभं राहायचं. मग टाच आधी टेकवायची, चवडा नंतर. नाकानं दोनदा लहान श्वास आत, पुढच्या पावलाला एक बाहेर. एक हात बेंबीसमोर येतो तेव्हा दुसरा कमरेमागे जातो, कंबर हळू वळते. जीभ टाळूला, डोळे अर्धे मिटलेले, चेहऱ्यावर थोडं हसू. हमाल बघून हसत होते. साडू म्हणाले, त्यांना हसू द्या, तुम्ही थांबू नका. आणि चालताना बोलायचं नाही, मान वळवायची नाही. बोललात की सगळं सांडलं.

वेगळा वेळ काढायची गरज नव्हती, हे मला आवडलं. कचेरीला जाताना, बाजारातून येताना, रॉकेलच्या रांगेत चार पावलं पुढं सरकताना, नळावरून घागर आणायला जातानासुद्धा ते करता येई. घागर भरली की परत येताना मात्र नुसतं चालायचं. हातातली पिशवी आड येई म्हणून मी खांद्याला लावायची झोळी शिवून घेतली. कचेरीच्या व्हरांड्यातून फाईल घेऊन जाताना एक हात अडकलेला, म्हणून दुसराच हलवायचो. चपराशी म्हणायचा, बाबूजी एकीकडूनच उडून राह्यले. खरं सांगायचं तर मन शांत वगैरे फार झालं नाही. पण धडधडीला करायला काहीतरी काम मिळालं. श्वास मोजण्यात ती थोडी गुंतून राहायची.

अडचण आली ती आमच्या वस्तीतून. आमचं गाव गुडीहत्नूरच्या बाजूला, हमरस्त्यापासून आत. आम्ही बौद्ध, वडील आणि दादा दोघंही दुसऱ्यांच्या शेतात राबले. बाप मालकासमोर वाकून जोहार घालायचा. तो जोहार सोडून मालकाच्या ओसरीसमोर ताठ उभं राहून पहिल्यांदा जयभीम घातला तो दादानं. त्या हंगामात त्याला कोणी कामावर घेतलं नाही, आणि त्याच हंगामात मी शाळेत वरच्या वर्गात गेलो. तेव्हा जयभीम ही आमच्यात नुसती रामराम म्हणून टाकायची गोष्ट नव्हती. जयभीम घातला आणि उलट आला नाही, तर तो माणूस आपल्यातून उठला असं लोक समजत.

आणि मी बाजाराच्या दिवशी शहरात आलेल्या गावच्या माणसांसमोरून अर्धे डोळे मिटून, गालात हसत, हात हलवत निघून जायचो. त्यांनी जयभीम घातला तर माझा श्वास आत असायचा. गावात बोलणं सुरू झालं. हसून जाते पण तोंड उघडत नाही, याच्यापेक्षा शिवी देल्ली असती तर बरं, असं एक म्हातारी म्हणाली, ते माझ्या कानावर आलं.

दादानं ते सगळं अंगावर घेतलं. तो एकदा आला, माझ्याकडून सगळं समजून घेतलं, टाच कशी, हात कुठं, बोलायचं का नाही, आणि गावात घरोघरी सांगून आला. "बाबूले गरव नाही. त्याचा दम चालू राह्यते. संपला का बोलते." मग त्यानं स्वतःपुरती एक रीत पाडली. मला बाजारच्या वाटेवर गाठायचा, माझ्या मागून गाठोडं घेऊन मुकाट चालायचा आणि कचेरीच्या फाटकाशी मी हात खाली सोडले की म्हणायचा, "झालं काय तुयं? जयभीम." मी म्हणायचो, जयभीम दादा. त्यात त्याला मजा वाटायची. बघणाऱ्यांना वाटे की एक मनुष्य पुढं उडत चालला आहे आणि मागून एक त्याला हाकत नेतो आहे.

तो नेहमी कचेरीतच येई. खोलीवर मी त्याला कधी बोलावलं नाही. खोली लहान आहे, असं मी सांगितलं होतं, आणि ती लहान होतीही. पण कारण ते नव्हतं. शहरात खोली मागायला गेलं की आधी जात विचारत. दोन ठिकाणी सांगून बघितली, दोन्ही ठिकाणी खोली त्याच दिवशी भाड्यानं गेलेली निघाली. तिसऱ्या ठिकाणी मी सांगितली नाही. आडनाव असं की कुठंही बसावं. घरमालक कापसाचे अडते, तेलुगू बोलणारे, माझ्याशी हिंदीत बोलत, माणूस मोकळा. त्यांनी माझं आडनाव ऐकून स्वतःच काहीतरी धरून घेतलं, आणि मी ते दुरुस्त केलं नाही. बायकोला ते पटलं नव्हतं. तिनं भिंतीवरच्या तसबिरी ट्रंकेत ठेवल्या आणि बरेच दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

त्या दिवशी बाजार होता. कापसाचे दिवस, रस्त्यावर गाड्या लागलेल्या. घरमालक माझ्याबरोबरच निघाले, त्यांची अडत माझ्या वाटेवर होती. ते शेजारच्या खोलीतल्या भाडेकरूबद्दल बोलत होते. त्यांनी त्याला त्याच आठवड्यात काढलं होतं. का काढलं ते त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं, जसं छप्पर गळतं म्हणून दुरुस्त केलं असं सांगावं. "पहले बताना चाहिए ना, साब. छुपाने का क्या है इसमें." मी हूं हूं करत होतो. मी त्यांच्याशी बोलत चालत होतो, म्हणजे चिगाँग करत नव्हतो. हे मला इथं स्पष्ट लिहायचं आहे. हात खाली होते. श्वास साधा होता.

वळणावर, चहाच्या गाडीजवळ, दादा उभा होता. निळी टोपी, धुतलेलं धोतर. त्याच्याबरोबर तिघं अनोळखी, त्यातले एक वयस्क. मला लगेच कळलं. पुतणीची बोलणी सुरू आहेत आणि पाहुणे बाजाराला येणार आहेत, हे त्यानं मागच्या खेपेला सांगितलं होतं. त्याला त्यांना दाखवायचं होतं की आपला भाऊ कचेरीत आहे आणि आपला आहे. त्यानं हात जोडले. नेहमीसारखा माझा दम संपायची वाट बघत थांबला नाही, कारण त्यानं बघितलं होतं की मी बोलत येतो आहे, म्हणजे दम चालू नाही, असं मला वाटतं. हे मला नेमकं कधीच कळलं नाही. तो मोठ्यानं, खुशीत म्हणाला, "जयभीम, बाबू."

माझे हात वर आले. एक बेंबीसमोर, एक कमरेमागे. डोळे अर्धे मिटले. जीभ टाळूला लावली आणि ते हसू तोंडावर आणलं. श्वास आत गेला नाही, नुसती नाकपुडी हलवली. मी दादाच्या समोरून, हातभर अंतरावरून गेलो.

घरमालक मागं वळून बघत होते. "कौन है जी? आपको बोल रहे थे."

मी बोललो नाही. नियमच होता ना. मी हलता हात तसाच जरा बाहेर फेकला, माशी उडवावी तसा. त्यांनी त्याचा जो अर्थ घ्यायला हवा तो घेतला, आणि कापसाच्या भावावर बोलू लागले. मी वळून बघितलं नाही. कचेरीच्या फाटकापर्यंत हात तसेच हलवत गेलो.

दादा दुपारी कचेरीत आला. मी खुर्चीतून उठलो, काय बोलावं ते जुळवत होतो. तोच हसत होता. पाहुणे निघून गेले होते, सोयरीक पक्की झाली होती. वयस्क पाहुण्यानं मात्र त्याला आधी विचारलं होतं की तुमचा भाऊ आपला जयभीम घेत नाही काय, तसं असेल तर पुढं जायचं का ते आम्हाला बघावं लागेल.

"मंग म्या जबान देल्ली," दादा म्हणाला. "म्हटलं, माया भावाचा दम चालू होता. तो लाजणारा असता तर मी तुमाले त्याच्याकडं आणलं नसतं. त्यायनं माया तोंडाकडं पाह्यलं अन् हो म्हटलं." मग त्यानं विचारलं, "चालू होता ना?"

मी म्हणालो, "हो दादा."

तेवढे दोनच शब्द. आधीचं रस्त्यावरचं कृत्य भीतीनं घडलं असं मी स्वतःला कितीदा सांगितलं आहे, आणि त्यात थोडं खरं असेल. ही दुपार मात्र भीतीची नव्हती. समोर कोणी परका नव्हता. दादानं माझ्यासाठी आपला शब्द टाकला होता, आणि तो खोटा ठरू नये एवढ्यासाठी मी हो म्हणालो, असंही मी पुढं म्हणू लागलो. माणसाला सोयीचं काहीही सुचतं.

लग्न नीट झालं. मांडवात दादानं व्याह्यांना माझ्यासमोर उभं केलं, त्या वयस्कानं जयभीम घातला आणि मी घेतला, जरा मोठ्यानंच. तो म्हणाला, आज दम नाही वाटते. सगळे हसले. तिथून ती गोष्ट सुरू झाली आणि सांगता सांगता वाढली.

मी ती खोली वर्षभरात सोडली. घरमालकांना काही सांगून नव्हे. बदली झाली म्हणून. पुढं गावी घर बांधलं, तसबिरी दारासमोरच्या भिंतीवर लावल्या, विहारात तरुण मुलांना हेच चालणं शिकवायला मला बोलावू लागले. मी शिकवलं. श्वास कधी घ्यायचा ते सांगताना माझा आवाज बदलतो, असं बायको म्हणायची. तिला सगळं ठाऊक होतं. ती म्हणायची, मले सांगून काय उपेग, ज्याले सांगाचं त्याले सांगा.

दादाला उतारवयात दम्यानं धरलं. त्याचा औषधापेक्षा माझ्या चालण्यावर विश्वास. मी औषधं चालू ठेवायला लावली आणि सकाळी त्याला घेऊन शेताच्या वाटेनं निघू लागलो. तो पुढं, मी मागं. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना दादाच्या पोरानं बटाईनं केलेली कपाशी. तो नियम माझ्यापेक्षा कडक पाळायचा. टाच, चवडा, दोनदा आत, एकदा बाहेर. घशातून बारीक शिटीसारखा आवाज यायचा. मागून त्याची मान दिसायची, टोपीखालचे पांढरे केस दिसायचे. रोज ठरवायचो की आज सांगायचं.

एकदा खरंच थांबलो. म्हणालो, "दादा, त्या बाजारच्या दिवशी..."

त्यानं मागं न वळता एक हात वर केला. थांब, दम चालू आहे. मी थांबलो. वाटेच्या शेवटी, लिंबाखाली त्यानं हात खाली सोडले, धाप जिरू दिली आणि माझ्याकडं वळला. "हं. काय म्हणत होता?"

त्याचे ओठ निळसर पडले होते. मी म्हणालो की बोंडअळी दिसून राह्यली, फवारणी लवकर करावी लागेल. तो म्हणाला, हो, पोराले सांगतो.

त्यानंतर आम्ही त्या वाटेनं गेलो, पण मी पुन्हा तोंड उघडलं नाही. मग तो अंथरुणाला खिळला, आणि आजूबाजूला कायम माणसं असत. पुतणी उशाशी बसून त्याला तीच गोष्ट सांगायची, त्याला बरं वाटावं म्हणून, आणि तो माझ्याकडं बघून मान हलवायचा. त्यातच तो गेला. त्या मान हलवण्यात काही होतं का, हे शोधायला मी अजून रात्रीबेरात्री अंगणात येरझारा घालतो. श्वास मोजायला लागतो आणि मध्येच चुकतो.

पुतणीनं हे वाचावं. तिच्या बापानं दिलेला शब्द खरा होता. ज्याच्यासाठी दिला तो खोटा होता. आणि त्या लिंबाखाली त्यानं विचारलं होतं त्याचं उत्तर हे होतं: दादा, त्या दिवशी माया दम चालू नव्हता. तू जयभीम घातला तो मले ऐकू आला होता. तू माया कोणी नाही, असं मी त्या माणसाले हातानं सांगतलं. मले माफ कर.