एल्डन बुधवारी गेला

आमचा एल्डन मॅकफेल दोनदा मरणार आहे. त्यातलं एक मरण उरकलंय. त्या दिवशीची अंड्याची सँडविचेस मी केली होती, तेव्हा ही गोष्ट सांगायचा हक्क माझाच.

हा माणूस आयुष्यभर ब्रॅम्बल तळ्याच्या काठी बोटी दुरुस्त करत आला. बोलणं मोजकं, माफी मागणं भरपूर. वल्हं ओंडक्याला लागलं तर ओंडक्याला ‘सॉरी’ म्हणेल. बायको वेर्ना याच्या अगदी उलट, तोंडाचा पट्टा सतत चालू. लग्न झाल्यापासून दर वर्षी मेपलची पानं लाल झाली की दोघं टेकडीच्या माथ्यावर जायची, खालचं अख्खं तळं बघायची, बटर टार्ट खायची आणि भांडत उतरायची. मागच्या साली अर्ध्या चढावरच वेर्नाच्या गुडघ्याने दगा दिला. दोघं परत फिरली. उतरताना भांडली नाहीत. ते बघून काय ते मी ओळखलं.

एल्डन म्हणाला, पुढच्या वेळी घडीची खुर्ची नेऊ. बाई कडाडली, "मला काय आजारी समजतोस? चारचौघांत खुर्ची मांडून बसवतोय मला!" सगळे टेकतात तिथेच ही टेकणार, नाहीतर चढणारच नाही.

"तिला वर न्यायचंच," तो मला म्हणाला. "आणि का ते तिला कळता कामा नये."

वाटेवर बाक हवं तर आमच्या पायवाट समितीपुढे जावं लागतं. अध्यक्ष आर्लीन टकर, नियमाला लोखंडासारखी. बाक मिळतं ते फक्त दिवंगतांच्या स्मरणार्थ. पूर्वी एकदा जिवंत माणसाला दिलं होतं, तर तो मेला रोज त्यावर तंगड्या पसरून झोपायचा आणि कुणाला टेकू द्यायचा नाही. एल्डनच्या घरच्या सगळ्या गेलेल्यांची नावं आधीच तळ्याच्या धक्क्यापाशी बाकांवर लागली होती. उरला होता तो एकटाच.

"मग मी गेलो असं धरा," एल्डन म्हणाला.

आर्लीनबाईंनी चष्मा वर सरकवला. "कधी?"

"मंगळवारी?"

"मंगळवारी कर्लिंगचा सामना आहे. बर्फावर दगड सरकवायला तू लागतोस."

"सॉरी. बुधवारी?"

"बुधवार मोकळा आहे. पण सगळं रीतसर हं. अंत्यविधी नाही, तर बाक नाही. कुठे हवंय?"

"अर्ध्या चढावर. त्या मोठ्या खडकासमोर."

"अरे, तिथून तळ्याचा थेंब दिसत नाही! समोर नुसता दगड!"

"मला दगड आवडतात," एल्डन म्हणाला. कर्लिंगवाल्याचंच बोलणं ते, सगळ्यांना पटलं. कुणी हसलंसुद्धा नाही. आमच्याकडे गोष्ट नियमात बसली की विषय संपला.

घरी वेर्नाने त्याला फाडून खाल्लं. "मला न विचारता मरतोस? बाकावर नाव झळकवायची एवढी हौस?"

"सॉरी," एल्डन म्हणाला.

बुधवारी चर्चच्या तळघरात सगळं गाव जमलं. एल्डन दारात उभा राहून लोकांचे कोट घेत होता. पाद्रीबाबा म्हणाले, कैलासवासी एल्डनने एकदा हातभर लांब मासा पकडला होता. मागून आवाज आला, "सॉरी, दीड हात." लोक वेर्नाचं सांत्वन करत, मग एल्डनकडे वळून, "तुझंही वाईटच झालं रे," म्हणत. वेर्ना आधी नुसती धुमसत होती. पण गाणं सुरू झालं तशी तिने कागदी रुमाल डोळ्यांना लावला, आणि मग नवऱ्याकडे असं काही बघितलं की त्याच्या हातातला कोट खाली पडला.

पुढचं मात्र अती झालं. शेजारणी विधवेसाठी ट्यूना-नूडल्सची भांडी आणत राहिल्या, आणि मयत ती निमूट संपवत राहिला. कर्लिंगच्या संघात त्याच्या जागी दुसरा आला. कर्लिंग म्हणजे एल्डनचा जीव हो! समितीत त्याने हात वर केला तर आर्लीनबाई हळुवारपणे म्हणाल्या, "मयताला मत नसतं, एल्डन." तो ‘सॉरी’ म्हणून कोपऱ्यात कॉफी ढवळत बसला. मला असा संताप आला! पण त्याने मला शपथ घातली होती.

बर्फ वितळलं, बाक बसलं. पानं लाल झाली तशी दोघं निघाली, मीही थर्मास घेऊन मागे. वेर्नाचं तोंड चालूच होतं. मग शब्द कमी झाले. खडकापाशी आली तेव्हा तिने गुडघा धरला होता.

बाकावर टोरांटोचं एक जोडपं मान खाली घालून बसलं होतं. ते लगेच उठले. वेर्ना बसली. तिने पाटीवरचं नाव वाचलं, समोरच्या दगडाकडे पाहिलं, इकडे तिकडे तळं शोधलं. मग आपल्या गुडघ्यावरच्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तुम्ही ओळखत होता यांना?" त्या बाईने हळूच विचारलं.

"नवरा माझा."

"अरेरे! कशाने गेले?"

"माझ्या गुडघ्याने," वेर्ना म्हणाली, आणि घळाघळा रडायला लागली.

"सॉरी," एल्डन म्हणाला. त्या जोडप्यानेही ‘सॉरी’ म्हटलं आणि ते घाईघाईने उतरून गेले.

वेर्नाने त्याची बाही धरून त्याला शेजारी बसवलं. "आता परत मरायचं नाही, कळलं? एका माणसाला एकच बाक, नियम आहे."

मग ती उठली आणि माथ्यापर्यंत त्याला शिव्या घालत चढली.