लॅपटॉपची पाठ बघणाऱ्या बाई

लॅपटॉप समोर ठेवला की त्या झाकण उघडायच्या नाहीत. आधी तो पालथा घालायच्या. "तोंड सगळ्यांचंच छान असतं, काकू. पाठ दाखवा."

मुलांनो, मुलुंडला आमच्या सोसायटीमागच्या गल्लीत त्यांचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं. दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं, एवढंच. वय पंचेचाळिशीचं, चष्मा कपाळावर, हातात बारीक स्क्रूड्रायव्हर. नवा माल त्या ठेवत नसत, म्हणून त्यांच्या सल्ल्यावर माझा विश्वास.

तळमजल्यावरच्या सायलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा तिच्या बाबांनी लॅपटॉपसाठी पंचेचाळीस हजार बाजूला ठेवले. चार वर्षांत दुसरा मिळणार नाही, हेही सांगून ठेवलं. निवडीचं काम माझ्याकडे आलं, कारण मी इंग्रजी माहितीपत्रकं वाचते. मी रीतसर तक्ता केला आणि प्रत्येक गोष्टीला मार्क दिले: प्रोसेसर, वजन, टच स्क्रीन, कीबोर्डखालचा दिवा. पहिला आला एक वापरलेला, पातळ, चंदेरी आय-सेव्हन. विकणाऱ्याने तो एक दिवस बघायला दिला.

बाईंनी तो पालथा घातला, लेबल वाचलं, स्क्रू काढले.

"आय-सेव्हन आहे ना?" मी विचारलं.

"आहे. पण कितव्या पिढीचा? आठव्या. आजचा साधा आय-थ्री याला मागे टाकेल. तुम्ही नुसत्या आकड्याला मार्क दिलेत, काकू. आणि ही रॅम बघा. आठ जीबी, बोर्डालाच जोडलेली. वाढवता येणार नाही. दुसऱ्या वर्षी पोरीची वाट लागणार."

सायली फुरंगटली. "मग काय, तक्त्यात तळाला आहे तो काळा जाडा घेऊ? कॉलेजमध्ये हसतील ना सगळे!"

"हसू देत गं. हसणारे तुझा प्रोजेक्ट चालवून देणारेत का?"

मग त्यांनी लाल पेन घेऊन माझ्या तक्त्यातली टच स्क्रीन खोडली, दिवा खोडला, वजनही खोडलं. खाली लिहिलं: नव्या पिढीचा आय-फाइव्ह, पाचशे बारा जीबीची एसएसडी, रॅमला एक जागा रिकामी. तीस वर्षं मी मुलांच्या वह्यांत लाल रेघा मारल्या. माझ्या कागदावर त्या पहिल्यांदाच पडल्या.

"किती द्यायचे?"

"स्क्रू परत लावायचे काय पैसे घेऊ?"

त्यात बसत होता तो काळाच. सायलीने तो घेतला आणि पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या वर्षी कॉलेजची सॉफ्टवेअर जड झाली, तेव्हा त्या रिकाम्या जागेत बाईंनीच दुसरी रॅम बसवली.

"हसतात का गं अजून?"

"आता प्रोजेक्ट चालवायला माझ्याकडेच येतात, मॅडम."

बाई चष्म्याआडून हसल्या. तेवढंच. त्यांना पुढचं गिऱ्हाईक होतं.

या वर्षी सायलीला नोकरी लागली. पेढे घेऊन ती आधी मागच्या गल्लीत गेली. ती इमारत रीडेव्हलपमेंटला गेली आहे. चारी बाजूंनी निळे पत्रे. इस्त्रीवाल्याला विचारलं, तो म्हणाला चारकोपला गेल्या असतील, नक्की ठाऊक नाही.

डबा तिने माझ्या टेबलावर ठेवला.

"आजी, चारकोपला जाऊन विचारते. त्यांचं नाव काय होतं?"

पाच वर्षं मी त्यांना बाई म्हणत होते, ती मॅडम म्हणत होती. आम्ही दोघी डब्याकडे बघत बसलो.