मोडी कागदाची पाठ

शिनोलीच्या चिमाबाईंचं पाणी बंद पडलं ते माझ्यामुळे. त्यांचा पुतण्या रामनाथ वाटणीचा जुना मोडी कागद घेऊन घोडेगावला माझ्या दुकानात आला. मी बीई कॉम्प्युटर. फोटो काढला, एआयला दिला, चहा येईस्तोवर छापील मराठी हजर : सगळी विहीर थोरल्या पातीची, म्हणजे थोरल्या भावाच्या वंशाची. वर फुकटात लॅमिनेशन मारून दिलं. थोरल्या पातीचा रामनाथ म्हणाला, "राव, तुमी तर देवमाणूस!" आणि त्याच आठवड्यात त्यानं धाकट्या पातीच्या चिमाबाईंची पाण्याची पाळी तोडली.

चिमाबाई दुकानाच्या पायरीवर येऊन बसल्या. "टमाटी फुलात हायेत, लेकरा. तुज्या मशिनला इचार, चौथ्या दिवशी पाणी कुणाचं व्हतं?"

मूळ कागद रामनाथ माझ्याकडेच विसरला होता. तो घेऊन मी जुन्नरला अनिसाआपांकडे गेलो.

त्यांचे वाडवडील हातकागद बनवायचे. आपा इतिहासात एमए, मोडी शिकलेल्या, बारा वर्षं तासाच्या मानधनावर कॉलेजात शिकवतात. अकरावी-बारावीला आम्ही सायन्सवाले त्यांच्या वर्गासमोरून जाताना ओरडायचो, "आर्ट्स म्हणजे फळा पुसायची डिग्री!" सगळ्यात मोठा आवाज माझा.

आपांनी कागद आधी उजेडाला धरला. घरची सवय. पलीकडची शाई दिसली तसा उलटा केला.

"इंजिनिअरसाहेब, पाठ कोण वाचणार? फोटो एकाच बाजूचा काढलात?"

चौथ्या दिवसाचं पाणी धाकट्या पातीला, पिढ्यानपिढ्या, असं पाठीवर स्वच्छ लिहिलं होतं.

"मग मशिननं ते 'सगळी विहीर' कुठून आणलं?"

"मनाचं. पोरं तोंडी परीक्षेत सांगतात तसं."

त्यांनी दोन्ही बाजू हातानं उतरवून दिल्या. पैसे विचारले तर हात झटकला. "एकच कर. चूक तुझी नि वाचन माझं, एवढं चारचौघांत सांग. कॉलेजात माझे तास कापायचं चाललंय. संस्थेच्या कानावर गेलं तर टिकतील."

"सांगतो की!" मी म्हणालो.

मी तो मजकूर टाइप केला, छापला, पुन्हा लॅमिनेशन. गावानं वाचला, रामनाथनं मान खाली घातली, पाळी सुरू झाली. लोक म्हणाले, पोरानं मशिनकडून बरोबर वाचून घेतलं. मी गप्प.

ही बातमी कॉलेजात पोचली आणि त्यांनी माझाच सत्कार ठेवला. 'इतिहासाला एआयची साथ' असा फ्लेक्स. संस्थाचालकांचं भाषण झालं : आता जुन्या विषयांचं ओझं कशाला, तिथं एआयचा कोर्स सुरू करू. मी मान डोलावली. स्वतःची अशी किळस कधी आली नव्हती, तरी शाल खांद्यावरून काढली नाही. आपा शेवटच्या रांगेत होत्या. मला माइक दिला, मी संस्थेचे आभार मानले.

जूनपासून त्यांचे तास बंद.

परवा चिमाबाईंनी टोमॅटोचं क्रेट दुकानात आणून ठेवलं. "तुज्या मशिनला निवद!" निम्मे मी खाल्ले. उरलेले आपांना पोचवायचेत, पण रिकाम्या तोंडानं जाता येत नाही. कबूल केलेलं ते एक वाक्य अजून द्यायचं आहे. टोमॅटो मऊ पडायला लागलेत.