काळी फीत

इमारतीच्या अध्यक्षांना सगळे साहेब म्हणत. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हाताखाली कोणी उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी भूकंप हाताखाली घेतला होता. गळ्यात शिट्टी, डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि चेहऱ्यावर असा भाव, की जमीन हलण्याआधी यांची परवानगी घेऊनच हलेल.

शहरात दरवर्षी भूकंपाची तालीम व्हायची. भोंगा वाजला की टेबलाखाली शिरायचं, मग जिन्याने खालच्या मैदानात उतरायचं आणि प्रत्येक मजल्याच्या प्रमुखाने आपली माणसं मोजून ‘पूर्ण’ म्हणून ओरडायचं. ज्या इमारतीची मोजणी सगळ्यांच्या आधी संपेल तिला पालिकेकडून पितळी ढाल. असल्या शर्यतीला तयारी म्हणणाऱ्या शहराबद्दल आणखी काय बोलायचं? जिन्याचा कठडा वर्षानुवर्षं हलत होता, पण त्याला कधी ढाल मिळणार नव्हती. त्यामुळे त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हतं.

चौथ्या मजल्यावर ताई राहायची. खरं तर ती फक्त तिच्या धाकट्या भावाची ताई, पण सगळी इमारत तिला ताईच म्हणे. शाळांचे गणवेश शिवून तिने आयुष्य काढलं होतं. आईवडील गेले तेव्हा भाऊ अर्ध्या चड्डीत होता. त्याला तिने शिकवलं, नोकरीला लागेपर्यंत पोसलं, आणि त्याचं लग्न झाल्यावर समोरचं घर रिकामं होताच तिथे त्याची सोयही लावून दिली. मशीनवर बसून बसून तिचं अंग सुटलं होतं आणि गुडघे गेले होते. तोंड मात्र शाबूत होतं.

तालमीत कोणीतरी जखमी व्हावं लागे. साहेबांच्या बायकोचे कपडे मळत, बाकीच्यांच्या कंबरा दुखत. मग ते काम ताईच्या गळ्यात पडलं. जखमींच्या मनगटाला बांधायच्या फितीही तिनेच अस्तराच्या उरलेल्या कापडातून फुकट शिवून दिल्या होत्या. चालता येणाऱ्याला हिरवी, लागलेल्याला पिवळी, आधी उचलायचं त्याला लाल आणि संपलेल्याला काळी.

पहिल्या वर्षी तिला लाल फीत बांधली. भाऊ आणि व्यायामशाळेत जाणारा एक शेजारी तिला स्ट्रेचरवर घालून निघाले, आणि पहिल्याच वळणावर दोघांच्या तोंडाला फेस आला. ढाल समोरच्या इमारतीने नेली. साहेबांचं आठवडाभर जेवणावरून मन उडालं. पुढच्या वर्षी त्यांनी डोकं चालवलं: तिला काळी फीत बांधा. मयताला उचलावं लागत नाही आणि मोजणी तर जिवंतांची असते.

त्या वर्षी ढाल मिळाली. मग दरवर्षी तेच. भाऊ मजल्याचा प्रमुख. तो घाईघाईने यायचा, तिच्या मनगटाला काळी फीत बांधायचा, “पडून राहा हं, ताई” म्हणायचा आणि जिना उतरायचा. ती उठून पुन्हा मशीनवर बसायची. खाली बिस्किटं वाटली जात. चौथ्या मजल्यापर्यंत एकही बिस्किट कधी चढलं नाही. मुलं तिला मयतमावशी म्हणू लागली तेव्हा ती त्यांच्याबरोबर हसली. भावाने गाठ मारताना एकदाही हात आखडता घेतला नाही, याचं मात्र तिला आतून लागायचं.

तिच्या मशीनच्या मागे कापडाचं लोखंडी कपाट होतं. ते भिंतीला स्क्रूने पक्कं करून दे, असं ती भावाला सांगून थकली. रविवारी बघू, हे त्याचं ठरलेलं उत्तर. ढाल आली तेव्हा मात्र सुतार त्याच दिवशी आला. काचेच्या पेटीत ठेवून ती प्रवेशद्वारापाशी अशी घट्ट बसवली, की हत्तीने ओढली तरी निघू नये.

खरा भूकंप दुपारी आला आणि भोंगा न वाजवता आला. अर्धी इमारत भोंग्याची वाट पाहत जागच्या जागी उभी राहिली, त्यात साहेबही होते. भिंतींचे पोपडे डोक्यावर पडायला लागले तेव्हा कुठे त्यांचे पाय सुटले. वर ताईच्या खोलीत कपाट पुढे कलंडलं. मशीनने ते अडवलं म्हणून ती वाचली, पण तिचा एक पाय खाली अडकला. खिडकीची काच गळून पडली होती. भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता आणि दर थोड्या वेळाने तो कुरकुरत होता. आणखी एक धक्का बसला तर भिंत अंगावर येईल, हे तिला दिसत होतं.

काच नसल्यामुळे मैदानातला शब्दन् शब्द ऐकू येत होता. साहेबांची शिट्टी वाजली. पहिला मजला पूर्ण, दुसरा पूर्ण, तिसरा पूर्ण. ताईने श्वास रोखला. आता भावाची पाळी होती. आता तो मोजेल, अडखळेल आणि धावत वर येईल.

“चौथा, पूर्ण,” भाऊ म्हणाला.

त्याचा आवाज जरासुद्धा चाचरला नाही. इतकी वर्षं तो तिच्याविनाच मोजत आला होता, आणि आजही त्याचा हिशोब बरोबर जुळला होता. साहेबांनी जाहीर केलं, की एकही माणूस आत नाही. खाली टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या ऐकून ताईला रडू आलं नाही, किळस आली. तिने हाताला लागलेली कात्री उचलली आणि भिंतीलगतच्या पाण्याच्या पाइपवर हाणायला सुरुवात केली.

खाली साहेब कोणाला तरी समजावत होते, की टाकीचा पाइप सैल झालाय, घाबरू नका. तेवढ्यात अग्निशमन दलाची गाडी आली. त्यांच्या जमादाराने आत कोण आहे, असं विचारलं. कोणी नाही, मोजणी पूर्ण आहे, आमच्याकडे ढाल आहे, साहेबांनी तोंड वर करून सांगितलं.

“मग पाइप कोण वाजवतंय?” जमादार म्हणाला.

मग भावाचा आवाज आला, गॅसवर दूध विसरलेल्या माणसासारखा. “ताई.”

वर आले ते जमादार आणि त्याची माणसं. भाऊ खालीच थांबला, कारण रहिवाशांनी पुन्हा आत जायचं नाही असा नियम होता.

मग शहर सावरलं, म्हणजे त्याने रंग लावून घेतला. इंजिनिअर आले, खांबांना लोखंडी पट्ट्या बसल्या, तडे बुजले, इमारत गुलाबी झाली. कठडा हलतच राहिला. सर्वात जलद मोजणीबद्दल साहेबांचा सत्कार झाला आणि त्यांनी तो घेतलाही. भाऊ रोज फळं घेऊन दवाखान्यात यायचा आणि ताईच्या प्लास्टरकडे बघत बसायचा. शेवटी एकदा म्हणाला, “गडबडीत राहून गेलं गं.”

“गडबडीत नाही,” ताई म्हणाली. “तू मला सवयीने सोडलंस.”

त्याने सफरचंद कापायला घेतलं.

पुढच्या वर्षी पुन्हा भोंगा वाजला. भाऊ धावत आला. ताई जमिनीवर पडलेली होती. त्याने वाकून खिशात हात घातला आणि बाहेर काढली ती काळी फीत. स्वतःच्याच हाताकडे बघून तो थिजला.

ताईने मनगट वर केलं. त्यावर नव्या कापडाची लाल फीत होती. तिने ती स्वतःच शिवून स्वतःच बांधली होती.

“उचल,” ती म्हणाली.

त्याने शेजाऱ्याला हाक मारली. दोघांनी तिला स्ट्रेचरवर घेतलं. खालून साहेब शिट्टीवर शिट्टी फुंकत होते, वेळ चालला म्हणून ओरडत होते. समोरच्या इमारतीची मोजणी संपल्याचा गलका झाला. दुसऱ्या मजल्यावर भावाच्या कपाळावरून घाम गळायला लागला. ताई, जरा टेकवू का, त्याने विचारलं. ती नाही म्हणाली.

मैदानात सगळे तोंडं पाडून उभे होते. साहेबांनी रागाने हेल्मेट काढलं आणि म्हणाले, आता काय उपयोग, ढाल तर गेली. भावाने स्ट्रेचर खाली ठेवलं.

ताई कोपरावर उठून बसली आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, “आता मोज.”