तिच्या हातातली स्क्रीन

गेल्या हिवाळ्यात मला देवाची फारशी गरज वाटत नव्हती, हे सांगताना आज मान खाली जाते. ग्लासगोच्या हॉस्पिटलमध्ये मी सोनोग्राफी करते. सकाळी देव्हाऱ्यातल्या दत्तगुरूंना घाईघाईने उदबत्ती ओवाळायची आणि बस पकडायची, एवढाच आमचा संबंध उरला होता. त्यातच उत्तरेकडच्या मिडवाइफना, म्हणजे खेडोपाडी बाळंतपणं बघणाऱ्या नर्सना, हातात मावणाऱ्या मशीनवर सोनोग्राफी शिकवायचं काम माझ्याकडे आलं आणि मी हवेतच गेले.

त्या दिवशी समुद्राकाठच्या एका छोट्या दवाखान्यात वर्ग होता. तिथली मिडवाइफ मोराग आणि तिच्या बरोबरीच्या काहीजणी शिकायला बसल्या होत्या. सहा महिन्यांची गरोदर एली आमच्या सरावासाठी आपणहून आली होती. मी प्रोब, म्हणजे मशीनचा अंगावर फिरवायचा भाग, तिच्या पोटावर टेकवला, चित्र दाखवणारा टॅब स्वतःकडे वळवून धरला आणि बाळाचं हृदय शोधून मिडवाइफना बोटाने दाखवत राहिले. एलीच्या वाट्याला टॅबची पाठ. नाशिकला उमेदीची वर्षं मी असंच काम केलं होतं. मुलगा की मुलगी हे कळू द्यायचं नाही, म्हणून स्क्रीन आईपासून लपवायची आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, हे तिथे हाताला लागलेलं वळण. ग्लासगोत आईसाठी भिंतीवर वेगळी स्क्रीन असते, त्यामुळे ते वळण सुटलंय की नाही हे मला कधी कळलंच नव्हतं.

एली "थँक यू" म्हणाली, कोट चढवला आणि निघून गेली. किती शांत मुलगी, असं मी कौतुकाने म्हणालेसुद्धा. मोरागचा चेहरा मात्र उतरला. "मीही स्क्रीनकडेच बघत बसले गं," ती म्हणाली. "तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं. तेव्हाही स्कॅन करणारीने स्क्रीन अशीच फिरवली होती, आणि गप्प राहिली होती. आता तिला वाटलं असेल..." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाळ ठणठणीत होतं, आणि त्या खोलीत ते फक्त त्याच्या आईला ठाऊक नव्हतं.

फोन लागेना, त्या भागात रेंजचा आनंदच. मोराग एलीच्या घराकडे धावली, मी मशीनसकट दुसऱ्या दिशेने गाडी काढली. एका गाडीपुरता रस्ता, दाट धुकं आणि पुढे फाटा. तिथे गाडी थांबवून स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडले. "दत्ता, माझी अक्कल संपली. आता तूच बघ." कितीतरी महिन्यांनी मी मनापासून हाक मारली, तीही तोंडघशी पडल्यावर.

काचेवर टकटक झाली. बाहेर एक म्हातारा कुत्रा घेऊन उभा होता. कुत्रा एकच होता, चार नव्हते, आणि म्हाताऱ्याच्या अंगात रेनकोट होता. उगाच वाढवून सांगत नाही. "आर यू ऑल राइट, लास?" पोरी, बरी आहेस ना, असं त्याने विचारलं. मी एका गरोदर मुलीला शोधतेय म्हटलं. "एली ना? आत्ताच चर्चकडे वळली. पहिलं बाळ तिथेच आहे तिचं."

चर्चमागे एका लहानशा दगडापाशी ती बसली होती. "बाळ छान आहे!" मी लांबूनच ओरडले. तिने वळून पाहिलं. "मग मला का नाही दाखवलंत?" नाशिकची सगळी कारणं ओठांपर्यंत आली आणि लाज वाटून तिथेच थांबली. "चुकले मी," एवढंच म्हणाले. तिला गाडीत बसवलं, हीटर लावला, सीट मागे केली आणि टॅब तिच्याच हातात दिला. आता टॅबची पाठ माझ्याकडे होती. प्रोब धरलेला हात अंदाजाने फिरत होता, मनात नाम चालू होतं. मलाच तिला विचारावं लागलं, "दिसतंय का काही?"

बराच वेळ ती बोलली नाही. दवाखान्यात तिने काय सोसलं असेल, ते तेव्हा मला कळलं. मग हुंदका देत ती म्हणाली, "हलतंय. इट्स बीटिंग."

तो म्हातारा कोण, हे मी मोरागला मुद्दामच विचारलं नाही. शरम अजून गेलेली नाही, जाऊही नये. आता वर्गात टॅब आधी आईच्या हातात जातो आणि आम्ही सगळ्या तिच्या खांद्यावरून बघतो. सकाळची उदबत्तीही सावकाश ओवाळते. पुढचं काय ते मला दिसत नाही, पण मी दत्ताला विचारते, आणि त्याच्या उत्तराची वाट बघत हात जोडून उभी राहते.